फादर बदलून गेले, चावी कोणाकडे?

मालवण तालुक्यात किनाऱ्याला लागून एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. जे सांगायचे आहे ते गावाला खाली बघायला लावण्यासाठी नाही, आणि शोधायला गेले तर असे गाव प्रत्येक तालुक्यात निघेल. माडांच्या बागेत छोटे चर्च, बाजूला कौलारू हॉल, समोर खुरीस. थोडी ख्रिस्ती घरे, बाकी गाबीत-भंडारी वस्ती. लग्नकार्याला हातभार, मयतीला खांदा, सगळे एकमेकांत.

काही वर्षांपूर्वी या गावात एक फादर आले. माणूस कामाचा. आल्या आल्या त्यांनी हॉलमध्ये संध्याकाळची शिकवणी सुरू केली. त्यात सगळ्या वाडीतली पोरे येत, कोण ख्रिस्ती कोण हिंदू हा प्रश्न नव्हता. मुंबईच्या ओळखीतून पुस्तके मिळवून कपाट भरले. गाणाऱ्या पोरांचा ताफा उभा केला, तरुणांचे मंडळ काढले, बँकेत त्याचे खाते उघडले. सगळे स्वतः करीत. वही स्वतः लिहीत, बँकेत स्वतः मोटारसायकलवरून जात, हॉल स्वतः उघडीत आणि रात्री स्वतःच बंद करीत. चावी झग्याच्या खिशात. गाव खूश. ‘असो फादर पुन्हा गावाचो नाय’, असे लोक बोलत.

मग मे महिन्यात बदली झाली. नारळ-शाल देऊन निरोप झाला, बायका रडल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तरी शिकवणी काही सुरू होईना. हॉलला कुलूप.

‘‘चावी खय आसा?’’

‘‘ता फादरांक विचारा.’’

फादर तर घाट चढून गेलेले. फोनवर त्यांनी सांगितले, ठेवली आहे तिथेच असेल. तिथे म्हणजे कुठे, हे कोणालाच माहीत नव्हते. आषाढाच्या पावसात हॉलच्या दोन कौलांतून पाणी कपाटावर गळत राहिले. बाहेरून दिसत होते, पण आत कोण शिरणार? चावी सापडली ती वाजवायच्या पेटीच्या खणात, तोपर्यंत अर्धी पुस्तके लगदा झाली होती. मंडळाच्या खात्यावर दोन सह्या लागत. एक फादरांची, दुसरी ज्याची होती तो पोरगा बोटीवर नोकरीला गेलेला. पैसे बँकेत, कौले फुटलेली, आणि कौले बदलायला पैसे नाहीत!

फादरांच्या कामात खोट होती असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण ते गेल्यावर तीन महिन्यांत कामाचा मागमूस राहिला नाही, हेही तेवढेच खरे.

बदलीचे दुखणे सगळ्यांचेच

हे वाचून सरपंच मंडळींनी गालात हसू नये. चांगला मुख्याध्यापक बदलून गेला की शाळेची बाग सुकते. धडपडणारा ग्रामसेवक गेला की त्याने सुरू केलेले रजिस्टर कपाटात बंद होते. विकास सोसायटीचा जुना सचिव निवृत्त झाला की कर्जाचा हिशेब लावायला त्यालाच घरून बोलावून आणावे लागते. देवस्थान समितीत तर भांड्यांची यादी एकाच म्हाताऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो गेला की समया किती होत्या यावर वाद. म्हणजे पुढारी चांगला की वाईट एवढ्याने भागत नाही. तो असताना किती काम झाले, हेही पुरेसे नाही. तो गेल्यानंतर काम कोणाच्या हातात राहिले, हे पाहावे लागते. चर्चमध्ये ही गोष्ट लवकर उघडी पडते, कारण तिथे ठरावीक काळाने बदली होणारच. देवस्थानात किंवा सोसायटीत ती झाकून राहते, इतकाच फरक.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो ५ जुलै २००५ रोजी. त्याआधी इकडचा कारभार पुणे धर्मप्रांताकडे होता. नवा धर्मप्रांत झाला, सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला, अँथनी आल्विन फर्नांडिस बार्रेटो हे पहिले बिशप झाले. पण मुलूख लांबलचक. सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि घाटावर कोल्हापूरकडचा भागही त्यात. आज मालवणात असलेला फादर उद्या घाटावर जाऊ शकतो, आणि घाटावरचा इथे येऊ शकतो. येणाऱ्याला दर्या नवा, मालवणी नवी, कोणाचे कोणाशी पटत नाही तेही नवे. अशा वेळी गावातली माणसे तयार नसतील तर दर बदलीला पाटी कोरी होते.

रापणीवर काय चालते

आता याच किनाऱ्यावरची दुसरी गोष्ट. रापण पाहिली नाही असा मालवणी माणूस विरळा. पण रापण कशी ओढतात हे पाहणे वेगळे आणि रापण चालते कशी हे पाहणे वेगळे. त्यासाठी पहाटे उठून वाळूवर जाऊन बसावे लागते.

एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी जाळे सोडीत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरा दोर घेऊन पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोराला लागतात. ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकतात आणि शेवटी जाळ्याचा मधला भाग वाळूवर येतो. सांगायला सोपे, पण याला माणूसबळ भरपूर लागते आणि त्याहून जास्त लागतो मेळ. एक बाजू जोरात गेली आणि दुसरी मागे राहिली तर जाळे तिरपे होते आणि मासळी बाहेर. म्हणून जोरदार गडी एकाच बाजूला लावून चालत नाही. ताकदवान माणसाने आपली ताकद आवरायची, हे रापणीवर शिकावे.

जाळे कधी टाकायचे, कुठे टाकायचे, होडी कुठून वळवायची हे तांडेल ठरवतो. पाण्याचा रंग, वर फिरणारे पक्षी, वारा, पाण्याची ओढ हे बघून. त्या वेळी त्याचा शब्द शेवटचा. तिथे मतदान घेत बसले तर तारल्यांचा थवा मालवणातून देवगडला पोचेल. पण मासळी वाळूवर आली की कारभार उलटा. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेली असते, विक्री सगळ्यांच्या कानांवर होते, आणि वाटे ठरलेले असतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्याचा. तांडेलाने किती घेतले हे शेवटच्या पोराला ठाऊक असते. पाण्यात एकाचा हुकूम आणि वाळूवर सगळ्यांचा हिशेब, ही वाटणी आपल्या कित्येक संस्थांना अजून जमलेली नाही. त्यांच्याकडे नेमके उलटे असते. काम करताना दहा जणांचे दहा हुकूम, आणि हिशेब मात्र एकाच्या खिशात.

तांडेल होतो कसा? कोणी त्याला नेमणुकीचा कागद देत नाही. पोरगा प्रथम सांडलेली मासळी वेचतो, मग दोर गुंडाळतो. मिसरूड फुटले की दोराला लागतो. अंगात बळ आले की होडीवर वल्ह्याला बसतो. मग जाळे सोडायला. मग कधी तरी तांडेलाच्या शेजारी उभा राहून तो जिकडे बघतो तिकडे बघायला लागतो. प्रत्येक पायरीला काम खरे असते, उगाच शिकवणीपुरते नसते.

एका सकाळी मी पाहिलेला प्रसंग सांगतो. तांडेल साठीच्या पुढचा. त्या दिवशी त्याने पुतण्याला होडीवर पुढे उभे केले. ‘‘तू टाक. मी बघतंय.’’ पुतण्याने होडी वळवायला उशीर केला. जाळे आले ते जवळपास रिकामे, दोन टोपल्यांचा ऐवज. दोर ओढून दमलेली माणसे कुरकुरली, एकदोघांनी नको ते शब्दही वापरले. तांडेल सगळ्यांसमोर एवढेच बोलला, ‘‘चुकलो तर चुकलो. दर्या खय पळान जाता?’’ मग जाळे धुताना त्याने पुतण्याला बाजूला घेतले आणि हाताने वाळूत रेघ काढून वळण कुठे चुकले ते दाखवले. त्या दिवशीचा वाटा सगळ्यांचा बुडाला होता, तांडेलाचाही. माणूस तयार करण्याचा खर्च असतो आणि तो खर्च सोसायला पुढाऱ्याची तयारी लागते, हे मला त्या रेघेवरून कळले.

रापण फार गोंडस करून सांगू नये. तिथेही भांडणे आहेत, हेवेदावे आहेत, आणि आता तर माणसेच कमी पडतात. तरुण पोरे तारकर्ली-देवबागला पर्यटकांच्या बोटींवर, नाहीतर गोव्याला. पर्ससीन आणि एलईडीच्या मासेमारीने किनाऱ्याजवळ येणारी मासळी घटली, अशी रापणकरांची तक्रार आहे. पर्ससीनवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. कागदावरचा हुकूम पाण्यात किती पोचतो, हा वेगळा लेखाचा विषय. पण या प्रश्नावर पारंपरिक मच्छीमार एकत्र उभे राहू शकले, ते काही अंशी या रापणीच्या सवयीमुळे, असे मला वाटते. शेजारच्या गोव्यातही तेच. १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रापणकार उभे राहिले तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांत मातानी साल्ढाणा हा शाळामास्तर होता. मास्तर पुढे आमदार-मंत्री झाले, २०१२ मध्ये वारले. पण मास्तरांच्या मागे दोर ओढायला शिकलेली माणसे होती, म्हणून चळवळ उभी राहिली.

नियम काय सांगतो

चर्चच्या कारभारात लोकांना जागाच नाही, फादर आणि बिशप ठरवतील तेच, असा आपल्याकडे समज आहे. तो पूर्ण बरोबर नाही. कॅथलिक चर्चचा सध्याचा कायदा १९८३ सालचा. त्यातल्या ५३७ व्या कलमाने प्रत्येक पॅरिशला हिशेबासाठी समिती असलीच पाहिजे असे सांगितले आहे. तिच्या आधीचे ५३६ वे कलम पॅरिश कौन्सिलचे. ती नेमायची की नाही ते बिशपांनी ठरवायचे, आणि तिचे मत सल्ल्यापुरते. म्हणजे पैशाला समिती सक्तीची, बाकी कामाला मर्जीची. आपल्या ग्रामपंचायतीतल्या माणसाला यात काही नवल वाटायचे नाही. समित्या कागदावर तिथेही असतात.

पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जगभरच्या चर्चमध्ये एक मोठा विचारविनिमय सुरू केला. त्याला सिनड म्हणतात. सुरुवात रोममध्ये न करता गावोगावच्या पॅरिशमधून करायची, असे ठरले. ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये रोमला दोन मोठ्या बैठका झाल्या. त्यांत प्रथमच बिशपांच्या बरोबरीने साध्या प्रापंचिक माणसांना आणि स्त्रियांनाही मतदानाचा अधिकार मिळाला. अखेरच्या दस्तऐवजात अशी कौन्सिले सक्तीची करावीत आणि कारभाराचा हिशेब लोकांपुढे ठेवावा, असे म्हटले गेले. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये वारले. दस्तऐवज राहिला आहे. त्याचे काय करायचे ते आता जिथल्या तिथे ठरायचे आहे.

त्या बैठकांतली एक पद्धत मात्र मला ग्रामसभेच्या कामाची वाटते. सभागृहात व्यासपीठ आणि समोर खुर्च्यांच्या रांगा असा थाट नव्हता. गोल टेबले मांडली होती. एका टेबलाला दहा-बारा माणसे, कार्डिनलच्या शेजारी एखादी शिक्षिका. प्रत्येकाने पाळीपाळीने ठरावीक मिनिटे बोलायचे आणि दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. एक फेरी झाली की थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचे. मग दुसऱ्या फेरीत आपले म्हणणे न रेटता, इतरांचे ऐकून काय वाटले ते सांगायचे. वादावादी त्यानंतर. आपल्याकडे सभा सुरू होते तेव्हा पहिले पाच मिनिटे अध्यक्ष बोलतात, पुढची वीस मिनिटे तेच दोघे जण भांडतात आणि मागच्या बाकावरच्या बाया चहाची वाट बघतात. ज्यांना घरातल्या पाण्याची, पोरांच्या शाळेची खरी माहिती आहे, त्यांची पाळी येतच नाही.

पाळी आली तरी सवय नसल्यामुळे पहिल्यांदा काही निघत नाही, हेही खरे. ‘‘आमी काय बोलणार? फादर सांगतत ताच खरा.’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते नम्रपणाचे आहे की अंग काढून घेण्याचे, हे आता ओळखू येते. बहुतेक वेळा दुसरे. पुढारी खुर्ची सोडत नाही अशी तक्रार आपण करतो, पण गावालाही त्याला तिथेच बसवून ठेवणे सोयीचे असते. काम त्याने करायचे, बिघडले तर शिव्या त्याला.

शंभर वर्षांपूर्वीचे दोन दाखले

दोन्ही दाखले मराठी मुलखातलेच आहेत आणि काळही जवळजवळ तोच.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या कोकणातले. १८६१ साली तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावला जन्मले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मिशनमध्ये राहिले. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गातात. मिशनरी साहेबांनी चालवायचे आणि देशी माणसांनी त्यांच्या हाताखाली राबायचे, हे त्यांना पटेना. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना दार उघडे, कारभार आपल्या माणसांचा. कल्पना मोठी होती, पण पुढच्याच दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले. त्यांच्यामागे दरबार फार काळ उभा राहिला नाही. तो टिळकांच्या तेजावर चालत होता, आणि तेज काही कोणाला वहीत लिहून देता येत नाही.

पण टिळकांचे एक काम मात्र पुरे झाले. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य ते अर्धवट सोडून गेले होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. शाळा न पाहिलेली बाई, लिहिणे-वाचणे लग्नानंतर घरात शिकली. टिळकांशी भांडली, रुसली, त्यांच्या लहरीपायी हाल काढले, ते सगळे ‘स्मृतिचित्रे’त आहे. पण वर्षानुवर्षे ते काय करतात, कसे करतात हे ती रोज जवळून पाहत होती, आणि मधून मधून तिच्या हातातही लेखणी येत होती. दरबारात जमलेल्या माणसांपेक्षा स्वयंपाकघरातली ही शिष्या काम पुढे नेऊ शकली. याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

दुसरा दाखला वसईचा, १९१८ सालचा. तिथल्या कॅथलिक शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायला मोन्सेनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन सहकारी पतपेढी काढली. आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक ती हीच. मोन्सेनियर गेले, त्यांच्यानंतर कितीतरी संचालक मंडळे आली आणि गेली, बँकेने शंभरी ओलांडली. टिळकांपेक्षा मोनीस मोठे होते असे नव्हे. पण त्यांनी काम अशा साच्यात बसवले की तिथे सभासद, मतदान, तपासणी, वार्षिक सभा हे सगळे आपोआप आले. शेतकऱ्याच्या पोराला हिशेब वाचायला आणि संचालकाला प्रश्न विचारायला शिकावेच लागले.

त्याच वसईत १९८० च्या दशकाअखेरीपासून हरित वसईची चळवळ झाली. सिडकोच्या नावाने बागायती जमिनींवर येणारी इमारतींची लाट आणि विहिरींचे पाणी उपसून नेणारे टँकर यांच्याविरुद्ध लोक उभे राहिले. पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. २५ जुलै २०२४ रोजी ते वारले. दिब्रिटोंचे नाव मोठे झाले, पण चळवळीत पानवेलीचे आणि केळीचे मळेवाले होते, शिक्षक होते, बायका होत्या, हिंदू होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते आणि त्यातून नव्या माणसांना लिहिते करीत. वसईतले आजचे कित्येक लेखक-कार्यकर्ते त्या पानांवर प्रथम दिसले. वसईची शेती शेवटी किती वाचली, हा दुखरा प्रश्न आहे. माणसे मात्र तयार झाली.

बाया कामाला, बापये समितीवर

आपल्या जिल्ह्यात परत येऊ. चर्च घ्या, देऊळ घ्या, झाडलोट, फुले, आजाऱ्याची विचारपूस, फेस्ताचा नाहीतर जत्रेचा स्वयंपाक, हे कोण करते ते सगळ्यांना माहीत आहे. समितीच्या फोटोत मात्र बहुतेक बापयेच. बायांना जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला मांडवी खाडीवर जाऊन यावे. तिथे ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बाया २०१७ पासून पर्यटकांना कांदळवनात फिरवतात. होडी त्याच वल्हवतात, झाडांची माहितीही त्याच सांगतात. त्यांना कोणी भाषणातून नेतृत्व शिकवले नाही. प्रशिक्षण मिळाले, वल्हे हातात आले आणि पाहुणा होडीत बसला. मग शिकावेच लागले.

दुसरी खोड चाकरमान्यांची. रागावू नये, मीही त्यांच्यातलाच नातेवाईक. देवळाचे असो की चर्चच्या हॉलचे, पैसे मुंबईहून येतात आणि त्याबरोबर हुकूमही. मे महिना किंवा चतुर्थी-नाताळ आल्याशिवाय बैठक होत नाही, झालीच तरी ठराव मुंबईकडे विचारायला जातो. गावात राहणारा माणूस राखणदार होतो. बारा महिने कौले बघणाऱ्याला कौले बदलायचा अधिकार नसेल तर तो पुढारी कशाला होईल? पैसे देणाऱ्यांनी पैसे द्यावेत, हिशेब मागावा. पण सही गावातल्या दोघांची असू द्यावी, आणि त्यांतली एक बाईची.

फार मोठी शिबिरे लागत नाहीत. मिस्सेनंतर दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्याने वाचला तरी बरेच होते. वाचणारा दर वेळी वेगळा असावा, म्हणजे चार जणांना तो समजतो. फेस्ताचा मान जसा दर वर्षी नव्या घराकडे जातो तशी वहीही फिरावी. आणि ज्याच्याकडे काम दिले त्याच्या पाठीशी पहिल्या चुकीला उभे राहावे. आमच्या वाडीत एका कमिटीवर मी तीन वर्षे होतो. खजिनदार पोराच्या बेरजेत साडेतीनशे रुपयांची चूक निघाली, पोराने स्वतः सांगितली, आणि आम्ही मोठ्या माणसांनी त्याला भर सभेत असे सोलले की तो पुन्हा कुठल्याच कमिटीवर आला नाही. आज तो एका मोठ्या दुकानाचा हिशेब सांभाळतो. साडेतीनशे रुपयांत आम्ही चांगला खजिनदार घालवला. त्या सभेत सोलणाऱ्यांत मी होतो.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये फादर गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात. येशूने आपल्या शिष्यांचे धुतले म्हणून. २०१६ मध्ये रोमहून हुकूम निघाला आणि त्या बारांत स्त्रियांनाही घेता येऊ लागले. आपले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून घेण्यासाठी उपाशी राहिले, त्यासाठी गांधीजींनीही उपास केला. दोन्ही गोष्टी हलके काम स्वतः करण्याच्या. पण आमच्या त्या फादरांनीही हलके काम स्वतःच केले होते, झाडूसुद्धा स्वतःच मारीत. त्यांचे अडले ते झाडू दुसऱ्याच्या हातात देण्यापाशी.

पुढे काय झाले

त्या गावात नवे फादर आले ते वयाने मोठे, जरा सुस्तच म्हणावे असे. पहिल्या रविवारी त्यांनी विचारले, हॉल कोण उघडतो? कोणी बोलेना. जुन्या चावीवर गंज चढला होता. त्यांनी सुताराला बोलावून नवे कुलूप बसवून घेतले आणि तीन चाव्या करायला सांगितल्या. एक आपल्याकडे. एक गाणाऱ्या पोरांतल्या थोरल्याकडे, जो आधी फक्त पेटी उचलायचा. तिसरी शाळेपर्यंत शिकलेल्या एका मासळीवालीकडे, कारण तिची दोन पोरे शिकवणीला येत आणि हॉलपासून तिचे घर सगळ्यांत जवळ.

शिकवणी आता आठवड्यातून चारच दिवस चालते. पूर्वी सहा दिवस चाले. शिकवायला बारावी झालेल्या दोन मुली बसतात आणि गणित कधी कधी चुकते, असे पालक कुरकुरतात. खात्यावर नव्या सह्या व्हायला सात महिने गेले. कौले मात्र पुढच्या पावसाच्या आत बदलली.

गेल्या पावसाळ्यात मी तिथे गेलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. फादर छत्री घेऊन हॉलच्या ओसरीवर उभे. आपली चावी त्यांनी कुठेतरी हरवली होती. पोरे दप्तरे डोक्यावर धरून त्यांच्याभोवती. मासळीवाली बाजारातून अजून यायची होती.

‘‘फादर, कधी उघडतलात?’’ एका पोराने विचारले.

‘‘माका काय ठाव? चावी तुझ्या आवशीकडे आसा,’’ फादर म्हणाले. त्यांची मालवणी बरीच सुधारली होती.